पित्ताच्या कॅप्सूलविषयी माझा जबाब

यंदा माझ्या मेव्हण्याने, म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाने, आपल्या रानात हुरड्याला पाहुणे बोलावले होते. मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच त्याचे ज्वारीचे रान आहे. आगटीभोवती पोती अंथरलेली होती, भाजलेली कणसे हातावर चोळली जात होती, जवसाची चटणी आणि गूळ फिरत होता. आणि मेव्हणा पुण्याच्या पाहुण्यांना माझी गोष्ट सांगत होता.

“आमच्या दाजींनी नगरच्या डॉक्टरची चिठ्ठी चुलीत घातली,” तो म्हणाला. “अन् मेडिकलवाल्याला इचारून आक्काला औषध चालू केलं. का? तर स्वस्त पडतंय! मंग काय व्हनार? आक्का रगात वकली. आमी जीप काढली म्हनून आज इथं बसून हुरडा खाती.”

मी उठून उभा राहिलो. “चिठ्ठी चुलीत घातली हे धादांत खोटे आहे,” मी म्हणालो. “आमच्या घरात चूल नाही, गॅस आहे.”

पाहुणे आणखीच हसले. माझी पत्नी शेजारीच बसली होती. तिने तळहातावरच्या दाण्यांतला कोंडा फुंकून उडवला.

मी महसूल खात्यात मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. एकाच बांधावर उभ्या असलेल्या दोन सख्ख्या भावांचे दोन निराळे जबाब लिहून घेणे, ही माझी नित्याची नोकरी होती. त्यामुळे माणसे घडलेल्या गोष्टीला कसे कसे वळण देतात हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही. मेव्हण्याची गोष्ट गावात फिरते. माझ्या मुलाची गोष्ट निराळी आहे, ती पुण्यात फिरते. दोन्हींत मी दोषी आहे आणि दोन्हींत माझा जबाब नोंदवलेला नाही. म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम पैशाविषयी. माझ्यावर चिक्कूपणाचा आरोप आहे. तो मी फेटाळतो. मला निवृत्तिवेतन मिळते आणि माझ्यावर सोसायटीचे देणे नाही. माझा विरोध खर्चाला कधीच नव्हता. न विचारता, न समजावता, एखाद्या माणसाच्या खिशात हात घालून केलेल्या खर्चाला होता.

पत्नीला संधिवात. मागच्या पावसाळ्यानंतर तिचे गुडघे सुजले, सकाळी बोटे वळेनात, आणि मी तिला नगरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तीन औषधे लिहून दिली: दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी आणि कॅल्शियम. दवाखान्याच्याच मेडिकलमध्ये ती घ्यायची. बिल पाहून मी काउंटरवरच्या माणसाला विचारले की यात सोने आहे का. त्याने ऐकले नसल्यासारखे केले.

घरी आल्यावर मी तिन्ही पाकिटे उजेडात धरली. जुन्या गावनकाशांवरचे बारीक आकडे वाचण्यासाठी घेतलेले भिंग अजून माझ्याकडे आहे. औषधाच्या पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव ठळक छापलेले असते आणि आत खरोखर काय आहे ते खाली मुंगीच्या अक्षरांत. शेताला मालक कोणतेही नाव ठेवो, गट नंबर एकच असतो. तसेच हे आहे. मी चौकशी केली. त्याच गुणाचे पित्ताचे साधे औषध आणि साधे कॅल्शियम गावातल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी न मागता मिळते, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, हे मला समजले.

आता नीट वाचावे, कारण सगळे इथेच घसरतात. मी ते औषध लगेच आणले नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना समोरासमोर विचारले.

“डॉक्टर, या तीनपैकी कोणते औषध मला चिठ्ठीशिवाय, साध्या नावाचे घेता येईल?”

त्यांनी मान वर केली. “काका, तुम्ही मेडिकल लाइनला होता का?”

“महसुलात होतो.”

“तरीच,” ते म्हणाले. मग पेन खाली ठेवून बोलले. “दुखण्याच्या गोळीला हात लावायचा नाही. ती मी सांगेन तीच, तेवढीच, आणि जेवल्यावर. कॅल्शियम कोणतेही घ्या. पित्ताचे साधे चालेल, पण ते चुकवायचे नाही. दुखण्याची गोळी पोटाला लागते, तिच्यापासून ते राखण करते. रोज सकाळी, काही खाण्याच्या आधी.”

“साधे चालेल?” मी पुन्हा विचारले.

“चालेल म्हटले ना.”

माझी पत्नी तेव्हा बाहेर बाकावर बसली होती, कारण तिला त्या खोलीतला स्पिरिटचा वास सहन होत नसे. परंतु परवानगी मी घेतली होती. दुखण्याची गोळी मी नगरहून त्याच चिठ्ठीवर आणत राहिलो. बदल केला तो फक्त ज्यांना मुभा होती त्या दोन औषधांत.

मिरजगावच्या मेडिकलमधून आणलेले पित्ताचे औषध गोळी नव्हती, कॅप्सूल होती. पत्नीने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

“हे कसलं?”

“पित्ताचेच.”

“आधीची गोळी हुती.”

“हे त्याच कुळातले आहे. डॉक्टरांना विचारून आणले आहे. सकाळी उठल्याबरोबर घ्यायचे, चुकवायचे नाही.”

“न्हाई चुकवनार,” ती म्हणाली, आणि पाकीट आपल्या डब्यात ठेवून दिले. तिने ते खरोखर एकदाही चुकवले नाही. हे मी तिच्या वतीने ठासून लिहितो, कारण मधल्या काळात तिच्यावरही संशय घेतला गेला.

कडाक्याची थंडी पडली होती. दिवाळीनंतर ती पुष्कळ बरी झाली होती. जिना चढत होती, मंदिरात जाऊन भजनाला बसत होती. मग तिचा चेहरा उतरू लागला. दम लागायचा. मी विचारले तर म्हणायची, थंडी सोसत नाही. शौचाला काळे होत होते हे तिने कुणाला सांगितले नाही. नवऱ्याला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे असे तिला वाटले नाही. एके सकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडता निवडता भिंतीला टेकली. सूप मांडीवरून घसरले. मी धावत गेलो तोवर तिला उलटी झाली होती. गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी, काळपट तपकिरी. तिचे हात बर्फासारखे गार होते आणि कपाळावर घाम.

मेव्हण्याची जीप आली हे खरे. त्याने उशीर केला नाही हेही खरे. मी पाठीमागे बसलो, तिचे डोके माझ्या मांडीवर. हमरस्त्यावर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर होते, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पुढे जायला वाट मिळेना. मेव्हणा हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि तोंडही मिटत नव्हता.

“दाजी, काय चारलं तुमी आक्काला?”

“गाडी चालव.”

“गाडी चालूच हाय. खरं सांगा, औषध बदललं का न्हाई?”

“दोन बदलली. डॉक्टरांना विचारून.”

“डॉक्टर म्हनला, मिरजगावातून आना?”

“साधे चालेल म्हणाले.”

“लेखी हाय का?”

मी आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारला आहे. तो मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी त्याला म्हणालो, समोर बघ. ट्रॉलीतला एक ऊस आमच्या काचेवर घासून गेला. पत्नीने डोळे उघडले आणि म्हणाली, “भांडू नगा रं. मला मळमळतंय.” मग तिने पुन्हा डोळे मिटले, आणि मला वाटले ते आता उघडायचे नाहीत. नगर येईपर्यंत मी तिच्या मनगटावरून बोट उचलले नाही. मध्ये मध्ये नाडी सापडत नसे. ती बोटाखाली पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ कुणाच्याही गोष्टीत येत नाही, कारण तो माझ्याखेरीज कुणी भोगलेला नाही.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतले. रक्त चढवले. तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहिले. जठरात जखम होती आणि ती वाहत होती. ती बंद केली, पण पुन्हा वाहू शकते असे सांगितले. तिला अतिदक्षता विभागात ठेवले, नाकात नळी, हाताला सलाईन.

दुपारी मुलगा पुण्याहून पोहोचला. त्याने प्रथम मामाला गाठले, मग मला. म्हणजे फिर्याद ऐकून मग आरोपीकडे आला.

“आप्पा, तुम्ही आईचं औषध बदललंत?”

“दोन. मुभा घेऊन.”

“कशासाठी? माझी पॉलिसी आहे, तुमची पेन्शन आहे. कुणासाठी वाचवताय?”

“प्रश्न वाचवण्याचा नाही. तेच औषध दुप्पट-तिप्पट दराने का घ्यावे, हा आहे.”

“तेच औषध असतं तर आई आत नसती!” तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की भिंतीलगतची माणसे वळून पाहू लागली. मग त्याने आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज अधिक वाईट होता. “हे बघा. ती बरी झाली की मी तिला पुण्याला नेणार. चार दिवसांसाठी नाही, कायमची. पुन्हा तुमच्या ताब्यात देणार नाही.”

“ताबा जमिनीचा असतो,” मी म्हणालो. “माणसाचा नसतो.”

“तेच तर सांगतोय,” तो म्हणाला.

मी पन्नास वर्षे जिच्याबरोबर राहिलो ती बाई मरणाच्या दारात होती. आणि वाचली तर माझ्या घरातून जाणार होती. माझी बाजू घेणारे तिथे कुणी नव्हते. म्हणून मी मला येत होते ते केले: पुरावा सादर करण्याची तयारी. सकाळच्या गडबडीतही निघताना तिच्या डब्यातले कॅप्सूलचे पाकीट मी खिशात टाकले होते. मेव्हणा म्हणतो ते लपवण्यासाठी. लपवायचे असते तर मी ते घरीच ठेवले असते.

दुसऱ्या दिवशी तिला थोडी तरतरी आली. पोटाच्या डॉक्टरीणबाई पाहायला आल्या तेव्हा आम्ही तिघेही खाटेपाशी होतो. मी पाकीट त्यांच्या हाती दिले.

“मॅडम, हे औषध आणि चिठ्ठीवरचे औषध यांत काय फरक आहे, ते कृपया या दोघांसमक्ष सांगावे.”

मुलाने मान फिरवली. “आप्पा, इथे तरी...”

“इथेच,” मी म्हणालो.

बाईंनी पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. “औषध निराळे आहे, पण काम तेच. चांगले आहे. पुष्कळ लोक घेतात.” त्यांनी पत्नीच्या केसपेपरवर नजर टाकली. “खरे तर हे रोज घेतले असेल तर दुखण्याच्या गोळीने एवढी मोठी जखम व्हायला नको होती.”

मी मुलाकडे पाहिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी विजयी मुद्रेने हसलो; हे असत्य आहे. त्या खोलीत हसण्यासारखे काही नव्हते.

“मंग मालच बनावट असंल,” मेव्हणा म्हणाला.

“नाही तर आईने घेतलंच नसेल,” मुलगा म्हणाला. “आई, घेत होतीस ना?”

पत्नीच्या नाकातली नळी तेव्हा काढलेली होती. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. “रोज घेत हुते. एक दिस चुकवली न्हाई.”

“पाण्याबरोबर ना आजी?” बाईंनी विचारले.

“मधासंगं.”

“मधाबरोबर कॅप्सूल गिळायची?”

“कॅप्सूल न्हाई गिळत मी. टोपान काढायचं. आतली साबुदान्यावानी बारीक मनी असत्यात, ती खलबत्त्यात घालून खलायची, अन् मधात चाटायची.”

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. “का हो आजी?”

“वरलं कवच जनावराच्या हाडाकातड्याचं करत्यात. सप्त्यात महाराजांनी सांगितलंय. माझ्या गळ्यात माळ हाय.” तिने सलाईन नसलेला हात गळ्याशी नेला; तिथे तुळशीची माळ नव्हती, परिचारिकेने ती काढून उशाच्या कप्प्यात ठेवली होती. तिने कप्प्याकडे बघून खात्री केली. “गोळी चालती मला. कॅप्सूल न्हाई चालत.”

“कवच काढलेत ते समजले. पण आतले मणी का कुटले?”

“औषध कोन नुसतं गिळतं? मात्रा असू दे, काढ्याचं असू दे, आमच्या आईनं खलूनच दिलंय. खलल्याबिगर अंगी लागतं का?”

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सावकाश समजावून सांगितले: जठरातल्या आंबट पाण्यात हे औषध मरून जाते, म्हणून त्या प्रत्येक मण्याला वेगळे पांघरूण घातलेले असते, ते जठर ओलांडल्यावरच सुटावे असे. कवच काढून मणी सबंध गिळले असते तरी चालले असते. खलबत्त्यात त्यांचे पांघरूण फुटले, औषध पोटात पडताच नाहीसे झाले. म्हणजे इतके दिवस दुखण्याची गोळी पोट सोलत होती आणि राखणीला कुणीच नव्हते.

तेव्हा मला आठवले. सकाळी मी बाहेर दात घासत असताना स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बारीक आवाज यायचा. मी समजत होतो की ती चहासाठी वेलदोडा कुटते आहे. चहाला वेलदोड्याचा वास कधी आला नाही, याकडे माझे लक्ष गेले नाही.

“आई,” मुलगा म्हणाला, “नको होती कॅप्सूल तर सांगायचंस ना!”

“कुनाला सांगू? यांनी आनलेली. नको म्हनलं की यांचं सुरू, डॉक्टरला इचारलंय, अमकं केलंय, तमकं केलंय. यांच्यासंगं वाद घालन्यापरीस खलबत्ता बरा.”

“मी कधी वाद घातला?” मी म्हणालो.

मेव्हण्याने तोंडावर टॉवेल धरला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. माझा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

इथे मुलाची गोष्ट सुरू होते. तो सांगतो: चिठ्ठीवर गोळी होती, आप्पांनी तिची कॅप्सूल केली, म्हणून आईने खलली, म्हणून हे झाले. वरवर ही साखळी बिनतोड दिसते. परंतु मी बदल केला तो वैद्यकीय सल्ल्याने. त्या सल्ल्यात आकाराचा उल्लेख नव्हता. आणि घरात चार माणसे येत-जात असताना खलबत्ता कशासाठी चालतो हे कुणीच विचारले नाही, त्यात दिवाळीला आलेला तो स्वतःही होता. कॅप्सूल मी आणली. हे मी पहिल्या दिवसापासून मान्य केले आहे, जीपमध्येही मान्य केले होते. ज्याने ती पाहिली आणि नाव वाचले, त्याने ती घेणाऱ्या बाईच्या गळ्याकडेही पाहायला हवे होते, असे कुणी म्हणाले तर त्याच्याशी मी चर्चा करीन. “स्वस्तातले औषध बाधले” असे म्हणणाऱ्याशी करणार नाही. स्वस्त औषध बाधले नाही. ते तिच्या पोटापर्यंत जिवंत पोहोचलेच नाही.

पण मुलाचा निर्णय बदलला नव्हता. उलट तो पक्का झाला. “म्हणजे तिला तिथे ‘नको’ म्हणायचीसुद्धा सोय नाही,” तो मला म्हणाला. याला मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. नंतर पुष्कळ सुचली, पण ती नंतरची आहेत.

सोडण्याच्या दिवशी दवाखान्याच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. मुलाच्या मोटारीचा मागचा दरवाजा उघडा होता, आत उशी आणि शाल मांडलेली. पलीकडे मेव्हण्याची जीप. सूनबाईने पुण्याला खोली तयार केली आहे, हे मुलाने आईला आदल्या दिवशीच सांगितले होते. तिने हो किंवा नाही म्हटले नव्हते. मी औषधांची पिशवी धरून पायरीवर होतो. मी ठरवले होते की एक शब्द बोलायचा नाही. ते मला किती जड गेले हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

पत्नी परिचारिकेच्या हाताचा आधार घेऊन बाहेर आली, पण गाडीकडे वळली नाही. “बाईंस्नी बोलवा जरा,” ती म्हणाली. “मला इचारायचंय.”

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“बाई, आता माझं काय काय चालू ऱ्हानार, ते मला सांगा. यांना न्हाई, मला.”

बाईंनी तिलाच सांगितले. दुखण्याची ती गोळी कायमची बंद. पित्ताची गोळी चिठ्ठीवरचीच, सकाळी उपाशीपोटी, सबंध गिळायची. ती महिनाभराने तपासून ठरवू. गुडघ्याला वरून चोळायचा मलम आणि फार दुखले तर ताप-दुखीची साधी गोळी. हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवायचे.

“साधी म्हंजे बिगर चिठ्ठीची?”

“हो. पण त्यात दुसरे काही मिसळलेले नको. नुसती तीच मागायची. आणि रोज उठून नाही, फार दुखेल तेव्हाच.”

“खलू का?”

“ती खलली तरी चालेल, आजी,” बाई हसून म्हणाल्या. “पित्ताची मात्र नाही.”

“व्हय.” तिने मान हलवली, मग मुलाच्या गालावर हात ठेवला. “तू नीट जा. मी घरी जाते.”

“आई, पुन्हा तेच होईल.”

“न्हाई हुनार. औषध मी आनीन. डॉक्टरशी मी बोलंन. तू रोज फोन कर अन् मलाच इचार.” मग ती माझ्याकडे वळली. सगळे ऐकत होते. तिने आवाज कमी केला नाही. “तुमचं हिशोबाचं डोकं चांगलं हाय, त्यात खोट न्हाई. कंचं साधं अन् कंचं महाग, ते मला वाचून दावायचं. पर घ्यायचं का न्हाई, ते मी ठरवनार. कबूल असंल तर जीपमदी बसा. न्हाईतर मी पुन्याला जाते.”

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मेव्हणाही. मला सांगण्यासारखे पुष्कळ होते. मी जीपचा दरवाजा उघडला आणि उशी मुलाच्या गाडीतून काढून तिच्या पाठीशी लावली. मुलगा उशी परत मागेल असे वाटले होते. त्याने शालही दिली.

मिरजगाव आल्यावर तिने जीप मेडिकलपाशी थांबवायला सांगितली. मी म्हणालो, तू बस, मी आणतो. ती उतरली. पायरी तिच्या गुडघ्यांना उंच पडते. ती कठडा धरून एकेक पाय ठेवत चढली आणि काउंटरवर चिठ्ठी ठेवली.

“ही एवढी एकच गोळी चिठ्ठीतली. कॅप्सूल न्हाई द्यायची. अन् गुडघ्याला ताप-दुखीची साधी गोळी दे, बिगर चिठ्ठीची. त्यात दुसरं काय मिसळलेलं नगं.”

मेडिकलवाल्याने मागच्या फळीवरचे एक चकचकीत पाकीट काढले. “आजी, ही घ्या, लवकर आराम पडतो.”

“हिच्यात काय काय हाय?”

पाकीट उलटे करून त्याने डोळे बारीक केले, आणि मग दुकानाबाहेर, पायरीखाली पिशवी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले, जसे तो इतकी वर्षे पाहत आला होता.

“तिकडं काय बघतो?” ती म्हणाली. “दुखतंय माझं.”

त्याने ते पाकीट फळीवर परत ठेवले आणि खालच्या कप्प्यातून साधी गोळी काढली. तिने ती हातात घेतली, पाकीट उजेडाकडे धरले, मग माझ्यापुढे करून विचारले, “नाव एकच हाय ना?” मी वाचले. एकच होते. मी तसे सांगितले.

मेव्हणा जीपमध्ये बसून हे पाहत होता. तो सांगतो की आक्काने दाजींना तिथे तोंड उघडू दिले नाही. हेही चुकीचे आहे. तिने मला अडवले नव्हते. तिने विचारले तेवढेच मी बोललो.